किचनसकट सुट्टी

नीला कर्णिकला कोणी सहज विचारलं, "काय मग, यंदा सुट्टीला कुठे?" तर तिच्या कपाळावर आठी पडते. ठाकुर्लीच्या त्यांच्या सोसायटीत बायकांना वाटतं, ही बाई जरा माणूसघाणीच. नवरा बघा कसा हौशी, दरवर्षी बायकोला घेऊन थंड हवेच्या ठिकाणी जातो, आणि हिचं तोंड कायम वाकडं! अहो, वाकडं होणार नाही तर काय होणार? वीस वर्षं ती बाई सुट्टीला जातेय आणि वीस वर्षांत एकदाही तिला सुट्टी मिळालेली नाही. कशी, ते ऐका आणि मग ठरवा कोणाचं तोंड वाकडं असायला हवं.

नीला मूळची ठाण्याची, टेंभी नाक्यावरच्या प्रधानांची धाकटी. घरात पंगतीची शिस्त कडक. आधी पुरुष, मग मुलं, आणि सगळ्यांचं आटोपलं की ओट्यापाशी पाट टाकून आई. गार भात, तळाची आमटी, मासळीच्या तुकड्यांतलं जे उरलं असेल ते. यात कोणाला काही चुकीचं वाटत नसे, आईला तर नाहीच नाही. एका मे महिन्यात मात्र वडिलांच्या हातात कसले तरी थकलेले पैसे आले आणि ते सगळ्यांना माथेरानला घेऊन गेले. तिथे एका खाणावळीत उतरले. पहिल्या रात्री ताटं मांडली तशी आई सवयीने उठून आत जायला लागली, तर खाणावळवाल्या बाई म्हणाल्या, "तुम्ही कुठे चाललात? बसा की इथे." आणि आई बसली, वडिलांच्या शेजारी, पहिल्या पंगतीला. गरम पोळी ताटात पडली तेव्हा ती इतकी लाजली की तिला घास जाईना. चौथ्या दिवशी मात्र तिने आमटी मागून घेतली आणि "अजून थोडी कढत असती तर बरं झालं असतं" असंसुद्धा म्हणाली. आठ-नऊ वर्षांच्या नीलाने तेव्हाच मनात पक्कं केलं की सुट्टी म्हणतात ती ही.

पुढे ती शिकली, कल्याणला एका सहकारी बँकेत लागली, आणि प्रभाकर कर्णिकशी लग्न होऊन ठाकुर्लीला आली. सकाळी तीन डबे, मग बँक, संध्याकाळी भाजी घेऊन घरी, रात्री दुसऱ्या दिवशीची तयारी. सासूबाई होत्या तोवर त्यांचं पथ्यपाणी, मग मुलाच्या, सलिलच्या, शाळेचं. तिने कधी कुरकुर केली नाही, कारण तिच्या डोक्यात एक गोष्ट होती. कधीतरी आपणही कुठेतरी जाऊ आणि कोणीतरी म्हणेल, बसा की.

प्रभाकर वाईट माणूस नाही. हे मुद्दाम सांगायला लागतं, कारण नीलाची बाजू घेऊन बोलायला लागलं की रक्त तापतं आणि त्याच्यावर अन्याय होतो. दारू नाही, पत्ते नाहीत, आवाज चढवणं नाही. कोलशेतच्या एका केमिकल कंपनीत तो परचेसला होता. आयुष्यभर समोरच्याचा भाव पाडण्यात गेलेलं, त्यामुळे घरात नारळ आला तरी तो दोन दुकानांत विचारून यायचा. आणि घरचं खाणं! बाहेरचं त्याच्या पोटाला चालत नाही, असं तो सांगतो. लग्नातल्या जेवणावळी मात्र त्याच्या पोटाला नेहमी चालत आल्या आहेत.

तर अशा या माणसाला ठाण्याच्या एका प्रदर्शनात कूपन भरल्याबद्दल फोन आला. "अभिनंदन सर, तुमची निवड झालीय, जोडीने या, जेवण आमच्याकडे." जोडीनेच यायचं, एकट्याला प्रवेश नाही, ही त्यांची अटच. सुखसप्ताह हॉलिडेज असं त्या कंपनीचं नाव. एकदा पैसे भरायचे, पंचवीस वर्षं दरसाल सात रात्री त्यांच्या कुठल्याही रिसॉर्टमध्ये राहायचं. प्रभाकरने तिथल्या स्कीम विकणाऱ्या पोऱ्याला अडीच तास फाडून खाल्लं. वर्षाचा मेंटेनन्स किती, वाढतो का, मे महिन्यात खोली मिळते का, नाही मिळाली तर काय. पोरगा घामाघूम झाला. तरी प्रभाकर उठायलाच निघाला होता, तेवढ्यात पोऱ्याने हुकमी पान टाकलं. "सर, प्रत्येक खोलीला किचन आहे. शेगडी, भांडी, फ्रीज, सगळं. हॉटेलात राहण्याचं बिल एक आणि खाण्याचं बिल दुसरं. इथे दुसरं बिलच नाही."

प्रभाकर परत बसला. "अगं, ऐकलंस? किचन आहे. म्हणजे निम्मा खर्च तिथेच वाचला." त्या टेबलावर तिघंजण होते आणि तिघांपैकी एकानेही विचारलं नाही की तो वाचवणार कोण. नीलानेसुद्धा नाही. तिला बिचारीला डोंगर दिसत होते. जिथे बोट ठेवलं तिथे तिने सही केली.

पहिलीच सुट्टी कोडाईकनालची. निघायच्या आदल्या दिवशी प्रभाकरने यादी सांगायला सुरुवात केली आणि नीलाला वाटलं तो गंमत करतोय. छोटा कुकर. पोळपाट-लाटणं, कारण तिथलं कसं असेल सांगता येत नाही. कणीक, तांदूळ, गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, तुपाची बरणी. आणि वाल! आता कर्णिकांचं घर, सात दिवसांत एकदा तरी बिरडं झालं नाही तर यांच्या जिवाला चैन कशी पडायची? ज्यांनी बिरडं केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा हाताने सोलायचा. एकेक! कुटुंबाला पुरेल एवढं सोलायचं तर दुपार जाते आणि बोटांची कातडी सुरकुतते. कोडाईकनालच्या थंडीत वालांना मोड येईनात, तेव्हा या बाईने ती पुरचुंडी स्वतःच्या शालीत गुंडाळून उशाशी घेऊन रात्र काढली. हनिमूनला न मिळालेलं थंड हवेचं ठिकाण पंचेचाळिशीत मिळालं, तर शाल वालांना!

बरं, खोली चौघांची. मग तीन माणसांनी का जायचं? एक जागा फुकट जाते ना! म्हणून प्रभाकरची बहीण, दर्शनाताई. पुढच्या वर्षी दर्शनाताई आणि तिचा नवरा, गादी जास्तीची मागून. दर्शनाताई फार गोड स्वभावाची. "वहिनी, मी काही मदत करू का?" असं ती शूज घालून झाल्यावर विचारायची. मग ते सगळे पॉइंट बघायला जायचे आणि नीला पोळ्या उरकून मागून येते म्हणायची. तिथली शेगडी विजेवरची. ती तापायला वेळ, निवायला त्याहून वेळ, कुकरची शिट्टी होता होता सूर्यास्त होऊन जायचा. शेवटच्या दिवशी रिसॉर्टचा माणूस वही घेऊन चमचे मोजायला यायचा आणि त्याच्यापुढे उभं राहायचं कामही तिचंच. बाकीचे तोवर गाडीत सामान भरत असत.

एकदा, फक्त एकदा, मुन्नारला ती म्हणाली होती, "आज खाली रेस्टॉरंटमध्ये जेवू या का?" प्रभाकर मेन्यू बघून वर आला. चिडलाबिडला नाही. हसत म्हणाला, "अगं, एका माणसाच्या बुफेत आपल्या घरी चार दिवस निघतात. आणि तुझ्या हाताची चव त्यांना यायचीय का?" सगळे म्हणाले, नाहीच येणार. झालं! असं कौतुक केल्यावर माणूस काय बोलणार? कौतुकाने तोंड जितकं गप्प होतं तितकं दटावून होत नाही. तिने पिठलं टाकलं.

आणि घरी परतल्यावर हा माणूस कोजागिरीला गच्चीवर दूध पिता पिता सोसायटीला हिशेब सांगणार. हॉटेलात सात रात्रीचे इतके, खाण्याचे इतके, आम्हाला पडले फक्त इतके. ऐकून त्यांच्या विंगमधल्या तिघांनी मेंबरशिप घेतली. तिघांच्या बायका आता कुकर घेऊन उटीला जातात. नीलाला जिन्यात भेटल्या की त्या तिच्याकडे अशा बघतात की तिला खाली बघावं लागतं.

इतकं सगळं होऊनही ती गप्पच राहिली असती. निवृत्त झाली होती, गुडघे बोलायला लागले होते, मेंबरशिपची चार-पाच वर्षं उरली होती. पण यंदा जानेवारीत प्रभाकर घरी पेढे घेऊन आला. कंपनीने ठाण्यात मेळावा ठेवला होता. जुन्या मेंबरांनी मुलांना आणायचं, मुलाने मेंबरशिप घेतली की बापाला एक आठवडा फुकट. सलिलचं लग्न होऊन दोन वर्षं झालेली. तो आणि हेमांगी घोडबंदर रोडला राहतात. हेमांगी फिजिओथेरपिस्ट, दिवसभर लोकांचे खांदे-मान सोडवते आणि रात्री घरी येऊन कुकर लावते. सलिल तोवर आईसारखंच बिरडं कधी करणार, असं प्रेमाने विचारतो.

"त्यांची पहिली रक्कम मी भरीन," प्रभाकर म्हणाला. "तू फक्त दोन शब्द बोल. जुन्या मेंबरांच्या मिसेसना ते माईक देतात. बाईमाणसाने सांगितलं की सुनेला पटतं."

नीलाच्या पायाखालची जमीन सरकली. खरं बोलावं तर चाळीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्याची भर सभेत शोभा. खोटं बोलावं तर हेमांगीच्या गळ्यात पंचवीस वर्षांचं लोढणं, आणि ते बांधणारी ती स्वतः. प्रभाकरला तिने घरी सांगून बघितलं. "अहो, नको ना त्यांना. त्यांचं त्यांना ठरवू दे." तर तो म्हणाला, "तुला काय कमी पडलं यात?" आणि टीव्ही लावला. तुला काय कमी पडलं! रात्रभर ते शब्द तिच्या कानात ठणकत राहिले.

मेळावा ठाण्याच्या एका मोठ्या हॉटेलात होता. गोल टेबलं, कानठळ्या बसवणारी गाणी, आणि प्रत्येक टेबलावर कंपनीचा एक पोरगा. त्यांच्या टेबलाला सुमित नावाचा होता, केसांना जेल लावलेला, तोंडात साखर. "काकू, तुम्ही तर आमच्या फॅमिली आहात," म्हणाला. हेमांगीपुढे त्याने सरळ पेन ठेवलं. दोघांच्या सह्या लागतात, जोडीने.

आधी माईक सलिलने घेतला. चांगला बोलतो पोरगा, कंपनीत ट्रेनिंग देतो. "आम्ही कोडाईकनालला गेलेलो तेव्हा मी दहा वर्षांचा होतो," तो म्हणाला. "बाहेर धुकं, हाताला गारठा, आणि बोटिंग करून आलो तर खोलीत आईने केलेलं गरमागरम वालाचं बिरडं. आजही डोळे मिटले की तो वास येतो. आई, खरं सांगू? तुझ्या हातचं जेवण हीच आमची सुट्टी होती."

टाळ्या! अहो, एका बाईने तर डोळे पुसले. प्रभाकरची छाती फुगली. आणि नीलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मनापासून बोलला होता हो पोरगा, म्हणूनच तिचा संताप अनावर झाला. सुमितने माईक तिच्या हातात दिला. ती उठून उभी राहिली.

"पैसे वाचतात," ती म्हणाली. "हे सांगतात ते खोटं नाही. हॉटेलपेक्षा स्वस्त पडतं. का पडतं ते मी सांगते. हॉटेलात आचारी असतो, वाढपी असतो, भांडी घासणारा असतो. त्यांना पगार द्यावा लागतो, तो तुमच्या बिलात लागतो. आमच्याकडे हे तिघंही मीच होते. मला काही द्यावं लागत नव्हतं. म्हणून स्वस्त."

सगळे हसले. त्यांना वाटलं, काकू विनोदी आहेत.

"हसू नका!" आवाज असा फुटला की गाणी लावणारा पोरगाही दचकला. "सलिल, तू बोटीत बसलास. बाबा बसले. आत्या बसली. मी कुठे होते?"

"तू... होतीस की, आई."

"नव्हते. मी वाल सोलत होते. कोडाईकनालला तळं आहे हे मला तुमच्या फोटोंवरून माहीत. मुन्नारला चहाचे मळे आहेत म्हणे. असतील. माझ्या खिडकीतून जनरेटर दिसायचा. वीस वर्षांत मी दहा-बारा गावं फिरले आणि मला विचाराल तर मी फक्त दहा-बारा ओटे बघितले. सगळ्यांची उंची मात्र सारखी. माझ्या कमरेला विचारा."

प्रभाकर कुजबुजला, "नीला, बस खाली. लोक बघतायत."

"बघू देत. वीस वर्षं कोणी बघितलं नाही, आज बघू देत."

"मग कधी बोलली का नाहीस?" तोही आता चिडला. चेहरा लाल झाला होता, आणि खरंच दुखावला होता तो. "मला काय स्वप्न पडणार होतं? मी काय तुला छळायला नेत होतो? प्रेमाने नेत होतो!"

"बोलले होते. मुन्नारला. तुम्ही मेन्यू बघून आलात."

प्रभाकरला मुन्नार आठवेना. तो आठवायचा प्रयत्न करतोय हे तिला दिसत होतं, आणि त्याला आठवत नाही हेही दिसत होतं. ती माईक टेबलावर ठेवून बसली.

सुमितने सारवासारव सुरू केली. "काकू एकदम इमोशनल झाल्या. पण मॅडम, तुमची जनरेशन वेगळी आहे ना. सर तर हेल्प करतात, बरोबर ना सर?" त्याने पेन हेमांगीकडे आणखी थोडं सरकवलं. आजची ऑफर आजच संपत होती.

हेमांगीने पेन उचललं. पोरगी सासऱ्याचं मन राखायला काही न विचारता सही करतेय, नीलाला वाटलं, जशी मी केली. हेमांगीने टोपण काढलं आणि शांतपणे सलिलकडे वळली.

"मी करते सही, सलिल. जागा छान आहेत. फक्त एक ठरवू या. सातही दिवस स्वयंपाक तू करायचास. सकाळचा, रात्रीचा, भांडी धरून. शेवटच्या दिवशी चमचेही तूच मोजून द्यायचेस. मी फिरून येईन. चालेल?"

"काहीतरीच काय," सलिल हसला.

"काहीतरी काय त्यात? किचन आहे म्हणूनच घेतोय ना आपण?"

सलिलने बापाकडे बघितलं, बापाने पाण्याच्या ग्लासाकडे. सलिलने खुर्ची जरा पुढे ओढली आणि सुमितला विचारलं, "एक मिनिट. मेंटेनन्स दरवर्षी किती आहे म्हणालात?" तासभर झाला होता, तोवर त्याने हे विचारलं नव्हतं. सुमित म्हणाला, नॉमिनल आहे सर. "नॉमिनल म्हणजे किती? आणि वाढतो का? मे महिन्यात बुकिंग नाही मिळालं तर मेंटेनन्स माफ होतो का?" सुमितच्या तोंडातली साखर संपली. सलिलने मोबाइल काढला. पहिली रक्कम बँकेत ठेवली तर व्याज काय, त्यात मेंटेनन्स मिळवला तर काय, वर्षाला चार रात्री चांगल्या हॉटेलात, नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरून. भराभर बोटं चालली त्याची. चमचाभर पिठाला हात न लावता त्याचं उत्तर निघालं.

"बाबा," तो म्हणाला, "याच्यापेक्षा हॉटेलच परवडतं. सरळ सरळ परवडतं."

हेमांगीने पेनाला टोपण लावलं. टेबलाखाली तिने सासूचा हात घट्ट धरला. ज्यासाठी नीलाचा जीव टांगणीला लागला होता ते झालं होतं, सून सुटली होती. तिला आनंद व्हायला हवा होता आणि झालाही, खोटं कशाला बोला. पण दुसऱ्याच क्षणी तिला असा संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. लाटणं आपल्या हातात येणार एवढं नुसतं ऐकलं, तर पाच मिनिटांत याला हिशेब जमला!

"सलिल," ती म्हणाली, "दहावीला गणितात किती होते रे तुला?"

"अं?" तो गोंधळला. "शहाण्णव. का?"

"मग तेव्हा का नाही केलंस रे हे गणित?"

सलिलने मोबाइल खाली ठेवला. मग त्याने मान खाली घातली आणि ती वर केलीच नाही.